गळत नाही ना? मग झालं तर!

मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत करायच्या मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपची तक्रार घेऊन कुणाकडेही जा. गॅरेजमध्ये जा, स्पेअरच्या काउंटरवर जा, नाहीतर ट्रॅकच्या कडेला चहा पीत उभ्या असलेल्या शहाण्यांना विचारा. प्रत्येक जण उकिडवा बसणार, पाइपवरून एक बोट फिरवणार, बोट कोरडं निघालं की गुडघ्यावर हात टेकून उठणार आणि तेच म्हणणार, "गळत नाही ना? मग झालं तर!"

अरे काय झालं तर? गळतंय असं मी म्हणालोच नव्हतो! मी घसा फोडून सांगतोय की फोर्क, म्हणजे हाच पुढचा शॉकअप, अडकतो. हलायच्या आधी अडतो, मग एकदम झटका देऊन सुटतो. पण ऐकतोय कोण? तेल अडवायचं बूच, एवढीच या लोकांच्या लेखी सीलची किंमत. बूच बसलं, तेल थांबलं, विषय संपला. त्या बुचातून दिवसभर एक पाइप वरखाली होत असतो आणि ते त्याला किती घट्ट आवळून धरतं यावर माझ्या मनगटांचं भवितव्य ठरतं, हे कुणाच्या गावीही नाही.

मोटोक्रॉसच्या फोर्कला ३०० मिमीच्या आसपास ट्रॅव्हल, म्हणजे वरखाली हलायची जागा असते. फोटोत दिसतात त्या उड्या, त्यासाठी ती लागतेच. पण लॅपचा बराचसा वेळ चाक जमिनीवरच असतं, आणि वळणाच्या आधी सगळ्यांनी ब्रेक मारून मारून पाडलेल्या बारीक खड्ड्यांवरून ते खडखडत जातं. तिथं फोर्कनं दोन-पाच मिलिमीटर हलायचं असतं, तेही ताबडतोब. नेमकं तेवढंच माझा फोर्क हलत नव्हता. मोठ्या उडीला मस्त दबायचा, बारीक खड्ड्याला लोखंडी गजासारखा ताठ. सगळा मार थेट हँडलमध्ये. दोन लॅप झाले की हात असे भरून यायचे की क्लच दाबायला बोटं ऐकत नसत.

यावर शहाण्यांचा सल्ला काय? "कॉम्प्रेशन दोन क्लिक कमी कर." म्हणजे फोर्क दबताना होणारा तेलाचा विरोध क्लिकरच्या स्क्रूनं कमी करायचा. केलं. "अजून दोन कर." केलं. काय फरक पडणार होता, कपाळ? डॅम्पिंगचा, म्हणजे तेलाच्या या विरोधाचा जोर वेगावर अवलंबून असतो. पाइप हललाच नाही तर तेल वाहत नाही, तेल वाहिलं नाही तर क्लिकरला कामच नाही. सीलचं बरोबर उलटं आहे. पाइप थांबलेला असताना लिपखालचं, म्हणजे सीलच्या रबरी ओठाखालचं तेल दाबून बाहेर जातं, रबर पाइपच्या क्रोमला चिकटून बसतं आणि पकड सगळ्यात जास्त असते तेव्हाच. एकदा सुटला की घर्षण कमी. म्हणजे क्लिकर जिथं सुरू होतो, त्याच्या आधीच माझं भांडण झालेलं असतं. आणि क्लिक कमी करत गेल्यामुळे मोठ्या उडीला फोर्क तळाला आपटायला लागला, तो फायदा वेगळाच. "मग स्प्रिंग मऊ टाक," म्हणे. हो, आणि पुढच्या हंगामात गाडीच बदलतो!

बरं, मी नुसता तोंडानं बोंबलत नव्हतो, मापलं होतं. त्याला टेप सोडून काही लागत नाही. मी गाडीवर बसलो, धाकट्या भावानं पुढचं दाबून अगदी हळू सोडलं, फोर्क जिथं थांबला तिथलं माप घेतलं. मग थोडं वर उचलून तितकंच हळू खाली येऊ दिलं आणि पुन्हा माप घेतलं. वजन तेच, स्प्रिंग तीच, तर दोन्ही मापं जवळजवळ सारखी यायला हवीत ना? मध्ये जो फरक पडतो ते सगळं घर्षण. पंधरा ते पंचवीस मिमी फरक चालवून घेतात. माझा चाळीसच्या वर! हा कागद मी मिस्त्रीच्या नाकासमोर धरला. त्यानं तो बघितला, उलटा करून बघितला आणि म्हणाला, "भावा, गाडी हाय ती, तराजू न्हवं. गळत न्हाई ना?"

याच माणसानं मागच्या वेळी सील बदलली होती. कशी? स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी! सील एका बाजूनं ठोकायची, मग दुसऱ्या बाजूनं, मग पहिल्या. तिरकी जाते, "बसल की". मी उघडली तेव्हा सीलच्या पाठीवर स्क्रू ड्रायव्हरचे चंद्रकोरीसारखे वण होते. पाइपवर सरकवताना त्याच्या वरच्या धारेवर प्लास्टिकची पिशवी सुद्धा लावलेली नसणार, कारण लिपला एका ठिकाणी स्वच्छ काप होता. दुधाची रिकामी पिशवी चालते हो त्याला! थोडं तेल लावून ती धारेवर चढवायची आणि सील वरून घसरवायची. फुकटात काम. पण नाही.

आणि सगळ्यात कहर म्हणजे स्प्रिंग. ऑइल सीलच्या लिपमागे एक बारीक गोल स्प्रिंग असते, लिपला पाइपवर दाबून धरणारी. तिचं एक टोक निमुळतं असतं, ते दुसऱ्या टोकात पिळून बसवलेलं असतं. सील गळायला लागली की आमच्याकडचा रामबाण इलाज असा की ही स्प्रिंग सोडवायची, चार वेढे कापायचे आणि पुन्हा जोडायची. आखूड झाली, लिप आवळली, गळती थांबली. वा रे पठ्ठ्या! माझ्या फोर्कच्या दोन्ही पायांत हीच कारागिरी सापडली. झिजलेलं रबर पाइपवर अजून जोरात दाबायचं, म्हणजे ते अजून लवकर झिजणार आणि तोवर फोर्क जाम. पण बोट कोरडं निघतंय ना, मग झालं तर! बाहेरची धूळ अडवणाऱ्या डस्ट सीलवर तशीच एक स्प्रिंग असते, काही रेसवाले ती मुद्दाम काढून टाकतात, घर्षण कमी व्हावं म्हणून. कोरड्या ट्रॅकवर एका शर्यतीपुरतं ते ठीक. आपल्या लाल मातीचा चिखल आत गेला तर पाइप घासून निघेल, तेव्हा मी ती ठेवली. पण निदान त्यांचा विचार योग्य दिशेनं तरी आहे!

काउंटरची तर गोष्टच सोडा. प्लास्टिकच्या पिशवीत काळी सील, वर नाव नाही, गाव नाही. "ओरिजिनलच्या तोडीची हाय." रबर कुठलं, लिप एक का दोन, विचारलं तर असं बघतात की जणू मी त्यांच्या सात पिढ्यांचा हिशेब मागितला. आतला व्यास जुळला की त्यांचं काम झालं. कमी घर्षणाची सील जगात मिळते, एसकेएफ कंपनीची हिरवी सील तर मोटोक्रॉसवाल्या कुणालाही लांबून ओळखू येते. पण एक जोडी बाहेरून मागवायची म्हणजे कुरियर, ड्युटी, वर कस्टममधून सोडवायचा आकार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मी मागवली, कारण डोकं फिरलं होतं. पण ती बसवायला त्याच हातोडीवाल्याकडे द्यायची? मेलो तरी नाही.

म्हणून उद्यमनगर, म्हणजे आमची कारखान्यांची वस्ती गाठली. कोल्हापुरात राहून लेथवाल्याकडे जायला मला इतका वेळ का लागावा, हा प्रश्न वेगळा. फोर्क उलटा, म्हणजे जाड नळी वर आणि बारीक पाइप खाली असल्यामुळे सील ठोकायचं ड्रायव्हर एकसंध चालत नाही. खाली एक्सलचा मोठा ठोकळा येतो, त्यावरून ते चढणारच नाही. दोन फाकांचं लागतं. नायलॉनचा रॉड घेतला, ४८ मिमीच्या पाइपवरून मोकळं सरकेल एवढं आतून बोअर करायला सांगितलं आणि मधून उभं कापायला. लेथवाल्या काकांनी कशासाठी ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातलं व्हर्नियर खाली ठेवलं आणि विचारलं, "रॉडचं, म्हणजे तुझ्या त्या पाइपचं फिनिश बघितलंस काय?"

मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं! इतक्या जणांकडे जाऊन आलो आणि पहिला बरोबर प्रश्न विचारणारा माणूस ज्यानं जन्मात मोटोक्रॉसची गाडी चालवली नाही तो. हायड्रॉलिक सिलिंडर करतात ते, त्यांना सील म्हणजे काय ते ठाऊक आहे. पाइप आणला, त्यांनी नखानं चाचपला. समोरच्या बाजूला दगडांचे बारीक टोचे होते, डोळ्याला दिसत नव्हते पण नख अडत होतं. प्रत्येक टोचा म्हणजे सीलच्या लिपवर एक कानस. १५०० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर, तेल लावून, आणि हात आडवा गोल फिरवायचा. उभा कधीच नाही. उभी रेघ पडली की तेलाला बाहेर यायला पाटच मिळाला. उंचवटा तेवढा घालवायचा, क्रोम उडवायचं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं आणि पुन्हा लेथकडे वळले. पैसे नायलॉनचे घेतले, सल्ल्याचे नाही.

मग बुश. पाइप ज्यांच्यावर सरकतो अशा दोन कड्या, म्हणजे बुश असतात, त्यांच्यावर टेफ्लॉनचा करडा थर असतो. माझ्यातल्या एकाचा थर अर्ध्या भागात जाऊन खालचा तांबूस धातू चमकत होता. याच्यावर नवी सील घातली तर काय होणार? पाइप आत डुलणार, एका बाजूनं लिप दाबणार, पुन्हा गळणार, पुन्हा स्प्रिंग कापणार. पण "सील बदला" म्हटलं की सीलच बदलतात, बुशकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

आणि आतून निघालेलं तेल! ते फोर्क ऑइल नव्हतंच. २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल होतं, "तेल ते तेलच." मोटोक्रॉसच्या या फोर्कला लागणारं तेल ४० अंशांना साधारण १५-१६ सेंटिस्टोकचं (हे तेलाच्या घट्टपणाचं माप) असतं, इंजिन ऑइल त्याच तापमानाला शंभरच्या वर. फोर्कऐवजी मी काकवीत फिरवलेला रवीचा दांडा घेऊन फिरत होतो का? डब्यावरच्या ५डब्ल्यू, १०डब्ल्यूलाही फार भुलू नका. दोन कंपन्यांचं १०डब्ल्यू सारखं नसतं, सेंटिस्टोकचा आकडा बघायचा.

नवी सील, नवे बुश, दोन लिपच्या मधल्या खाचेत सिलिकॉन ग्रीस. नेहमीचं पिवळं ग्रीस नाही, सिलिकॉन, आणि खाच भरेल इतकंच. नायलॉनच्या दोन फाका पाइपभोवती धरून खाली चार ठोके, सील सरळ आत आणि सील धरून ठेवणारी सर्क्लिप खट्कन जागेवर. आयुष्यात पहिल्यांदा सील वाकडी न होता बसलेली बघितली.

आता ऐका गंमत. गाडी जोडली, टेप लावला, तर फरक अजून तीसच्या वर! हिरवी सील, पॉलिश पाइप, सगळं करून! तेव्हा एक्सलला फोर्कच्या पायात आवळून धरणारे पिंच बोल्ट ढिले केले आणि फोर्कचा उजवा पाय टक्कन बाजूला सरकला. म्हणजे आजवर गाडी ज्या ज्या हातातून गेली, त्या प्रत्येकानं चाक घालताना दोन्ही बाजूचे बोल्ट एकदमच आवळले होते आणि दोन पाय एकमेकांकडे ओढलेले होते. करायचं काय, तर एक्सल नटच्या बाजूचे बोल्ट आधी आवळा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा दाबा, तो पाय आपली जागा शोधतो, मग आवळा. खर्च शून्य, वेळ एक मिनिट. फोर्कला गाडीशी धरणारे वरचे क्लॅम्पही तसेच, पान्याला पाइप लावून करकचून आवळलेले, बाहेरची ट्यूब तिथं चिमटली जाऊन बुश अडतो. टॉर्क रेंचनं कंपनीनं दिलेल्या मापावर आणले. फरक वीसवर आला. वीस! हिरव्या सीलपेक्षा जास्त फायदा दोन बोल्टांनी दिला, आणि त्याबद्दल मला एक शब्द कुणी सांगितला नव्हता. फोर्कमधली हवा बाहेर सोडायचे स्क्रू, चाक उचलून, ढिले करायला तरी कुठं सांगतात? फोर्क तापला की आत हवेचा दाब वाढतो आणि तोच दाब लिपला पाइपवर रेटतो. त्या स्क्रूवर माझ्या गाडीत मातीचा थर बसला होता.

आता माझा राग वॉशिंग सेंटरवर. पोरगं प्रेशर गन घेऊन बरोबर डस्ट सीलवर नेम धरतं! बाकी कुठली माती निघो न निघो, ती सीलच्या आत गेलीच पाहिजे असा पण केल्यासारखं. "दादा, तिथं नको, लांबून मार," म्हटलं तर म्हणतं, "तिथंच तर घाण हाय." एक्स-रेची जुनी फिल्म कापून, टोकाला छोटा आकडा ठेवून, ती सीलमध्ये सरकवून मी गोल फिरवतो, प्रत्येक वेळी लाल चिखलाची वेटोळी बाहेर येतात. आता मी गाडी घरीच धुतो, बादली आणि फडकं घेऊन, आणि शेजारी विचारतात की एवढी महागडी गाडी घेतली, धुण्याचे पन्नास रुपये नाहीत का?

परवा तोच मिस्त्री आला. ट्रॅकवर फोर्क बघितला, हातानं दाबून बघितला, दोनदा. म्हणाला, "मऊ झालाय की रं. स्प्रिंग बदललीस?" मी नाही म्हटलं. नायलॉनचं ड्रायव्हर दाखवलं. त्याचे डोळे चमकले, एका गिऱ्हाइकाच्या गाडीला लागतंय म्हणून दोन दिवसांसाठी घेऊन गेला. परत आणलं तेव्हा एक फाक मधून चिरलेली होती आणि तोंडावर हातोडीचे खोल वण. "जरा जोरात बसंना," म्हणाला, "पण आता गळत न्हाई बघ!"