'नशा सोडवायला नशाच': भावकीच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. अफूचं व्यसन सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी म्हणजे दुसरी अफूच, मनात आणलं तर आठ दिवसांत सुटतं, गोळी मात्र जन्मभर सुटत नाही, आणि पेशंटलासुद्धा ती नकोच असते, असा मजकूर. माझा आतेभाऊ, आमचा दादा, तीन वर्षं ही गोळी घेतोय, म्हणून लिहितोय.

'दुसरी अफू' हे अर्धं खरं. गोळी त्याच कुळातली, मेंदूत बसते त्याच जागी. पण तिच्या असराला मर्यादा आहे, ठरावीक डोसपुढं कितीही वाढवली तरी तो वाढत नाही. तलफ आणि अंगदुखी थांबते, झिंग चढत नाही. जागा अडवून बसते, त्यामुळं वरून अफू घेतली तरी तिचा जोर चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती २००५ पासून आहे. (एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनच्या नशेवर, ती चालत नाही. कुपवाडच्या २०२४ च्या एमडीच्या छाप्यापासून आपल्याकडं सगळ्या नशा एकाच पोत्यात भरतात, म्हणून सांगितलं.)

आठ दिवसांचं दादानं करून बघितलंय. तासगावची द्राक्षं दिल्लीला न्यायचा. झोप येऊ नये म्हणून ढाब्यावर डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा भुसा, घ्यायला शिकला, मग अफू. दोनदा घरात कोंडून घेतलं. जांभया, गळणारं नाक, जुलाब, पायांत गोळे. दोन्ही वेळा आठ दिवसांत अंग मोकळं झालं आणि पुढच्याच फेरीला पुन्हा सुरू. बंद ठेवल्यावर शरीराची सवय उतरते, मग जुन्याच मापानं घेतलं तर श्वास थांबू शकतो. हे मेसेजवाला सांगत नाही.

जन्मभराचं म्हणाल, तर कुणाला काही महिने लागतात, कुणाला वर्षं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

राहिला पेशंट. नको असते, खरंय. सुरुवातीला रोज मिरजेला जायचं. गोळी जिभेखाली, विरघळेपर्यंत पाच-सात मिनिटं बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. मग सिस्टर म्हणायच्या, "जीभ वर करा." दोन पोरींचा बाप शाळकरी पोरासारखा आ करायचा. कुणी ओळखीचं भेटलं तर "बीपी दाखवायला आलोय."

मी एकदा शहाणपणा केला, शुगरच्या गोळीसारखीच समज म्हणालो. "शुगरची गोळी चारचौघांत खाता येती," दादा म्हणाला. "माझी कळली तर मालक गाडीची किल्ली काढून घेतोय." गोळीनं काय दिलं विचारल्यावर मात्र चटकन म्हणाला, "सकाळी उठल्या उठल्या मालाची आठवण येत नाही."

आता आठवड्याच्या गोळ्या एकदम मिळतात. रविवारी मेसेज आला, सोमवारी दादा गेला नाही. बुधवारी जेवताना जांभयांवर जांभया, नाक गळतंय. गुरुवारी सकाळी मी गाडी काढली. मेसेज टाकणारे काका पारावरच होते. कुठं निघालाय विचारलं.

"मिरजेला," दादा म्हणाला, "बीपी दाखवायला."