थरोबास म्हणजे गोऱ्यांचा तानपुरा? कुठून आणता हे

ते फॉरवर्ड परत फिरायला लागलंय. ज्यांच्याकडे आलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्यात म्हटलंय की बाख या जर्मन संगीतकाराच्या काळात तानपुऱ्यासारखा खाली एक जाडा सूर धरून ठेवायचे त्याला थरोबास म्हणतात, त्याच्याखालचे आकडे म्हणजे बोटांचे नंबर, बाकी सगळं छापलेलंच असायचं त्यामुळे वाजवणाऱ्याला डोकं लागत नसे, आणि 1750 ला बाख गेला तसा हा प्रकारही गेला. चार दावे, चारही चूक.

तानपुऱ्याचा सा मैफलभर जागचा हलत नाही, तेच त्याचं काम. थरोबास म्हणजे त्या काळच्या युरोपीय संगीतातली साथीची खालच्या सुरांची ओळ, आणि ती चालती असते. कोरेली या इटालियन संगीतकाराचे 1700 साली छापलेले व्हायोलिन सोनाटे (व्हायोलिन आणि साथ अशा रचना) लावा आणि नुसता खालचा चेलो, म्हणजे व्हायोलिनचा जाड आवाजाचा मोठा भाऊ, ऐका, मधेच एखाद्या सुरावर मुक्काम करतो पण तेवढ्यापुरताच, की निघाला पुढे.

आकड्यांचं तर हसूच येतं. सर्रास 6 आणि 7 लिहिलेले असतात, सहावं बोट कुठून आणायचं? आकडा म्हणजे खालच्या सुरापासून मोजलेलं अंतर. पेटीवर करून बघा, सगळे शुद्ध स्वर घ्या. खाली ग आहे आणि आकडा काहीच नाही, तर तिसरा आणि पाचवा सूर गृहीत, म्हणजे ग प नी. त्याच ग खाली 6 लिहिलं की पाचव्याच्या जागी सहावा, ग प सां. खालचा सूर तोच पण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलली, रंगच बदलला. आणि प खाली 4 3 असेल तर वर सां धरायचा आणि मग नी वर उतरायचं, तो जो जीव टांगणीला लागून सुटल्यासारखा वाटतो ना तो या दोन आकड्यांत आहे.

डोकं लागत नसे म्हणे! अहो हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वाजवणाऱ्यापुढे एक ओळ आणि हे आकडे एवढंच, उजव्या हाताचं काही लिहिलेलंच नाही. किती सूर, कुठल्या सप्तकात, कॉर्ड एकदम की उलगडत, सगळं त्यानं जागच्या जागी ठरवायचं, वर नियम सांभाळायचे आणि गाणाऱ्याच्या डोक्यावरही बसायचं नाही. सी. पी. ई. बाख, म्हणजे बाखचाच मुलगा, त्यानं 1762 मधे आपल्या ग्रंथाचा दुसरा भाग काढला तो मुख्यतः याच साथीवर. आणि गंमत बघा, नुसता खालचा सूर हवा असेल तर तसं मुद्दाम लिहावं लागायचं, टास्टो सोलो म्हणून. म्हणजे फॉरवर्डवाल्यानं अपवाद उचलला आणि नियम म्हणून खपवला.

राहिलं 1750. मोझार्टचं रेक्विएम (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं चर्चसंगीत) 1791 चं, त्याच्या हस्तलिखितात ऑर्गनसाठी आकडे आहेत. पुढे संगीतकार मधले सूर स्वतःच लिहायला लागले तशी साथीतली गरज हळूहळू कमी झाली, चर्चमधे तर बरीच उशिरा.