फायर इन्स्पेक्शन आलंय? घाबरू नका, आधी जिना रिकामा करा

आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत परवाच फायरचं इन्स्पेक्शन 'पार पडलं'. म्हणजे सुट्टीच्या दिवशी बोलावून ऑफिस स्टाफकडून हमाली करून घेतली. तर हा ताजा अनुभव तुमच्याही कामाला यावा म्हणून चार टिप्स.

तारीख कळेपर्यंत काहीही करू नका. 2006 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म घ्यायला सांगितलाय. सांगू दे. एजन्सीवाला ओळखीचा असला की त्याला वर चढवायची तरी काय गरज, खालीच चहा पाजा, फॉर्म तिथंच.

फायरचे सिलिंडर ओल्या फडक्याने पुसा आणि रिफिलची तारीख भिंतीकडे फिरवा.

स्मोक डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळची प्लास्टिकची टोपी तशीच असेल तर राहू द्या, धूळ बसत नाही.

पाइपलाइन गळते, मग जॉकी पंप (पाइपातलं प्रेशर टिकवणारा छोटा पंप) सारखा चालू होतो, मग लाइटबिल. उपाय सोपा, पंप ऑटोवरून काढून मॅन्युअलवर टाका. आग लागल्यावर कुणीतरी पंपरूममध्ये जाऊन बटण दाबेलच की.

आता जिना. आमच्या जिन्यात मोडक्या खुर्च्या, मागच्या अकाउंटंटच्या काळातल्या फायली, दिवाळी गिफ्टचे उरलेले खोके, बंदीच्या आधीचं थर्माकोलचं मखर (जपून ठेवलंय, कशासाठी ते गणपतीलाच माहीत) आणि कुणाचा तरी कूलर. धूर जिन्यात शिरू नये म्हणून असलेलं फायर डोअर आपोआप बंद होतं याचा साहेबांना त्रास, म्हणून ते उघडं राहायला त्याला टेकू काय लावलाय, तर आग विझवायचा सिलिंडर! हे सगळं उचलून गच्चीवर न्यायचं, लिफ्टने नाही, लिफ्टला ओरखडे पडतात, आणि तपासणीवाले गेले की दुसऱ्या दिवशी परत खाली कारण वर पाऊस लागतो, आणि हे सगळं सांगणारा माणूस एसीतून डोकं काढून म्हणणार, 'अरे सावकाश, खुर्ची मोडेल.' मोडकीच आहे ओ ती! भंगारवाल्याला एक फोन करायचा होता, बस.

मॉक ड्रिल फोटोपुरतं करा. असेंब्ली पॉइंटच्या (आग लागली की सगळ्यांनी जमायच्या जागेच्या) पाटीखाली मालकांची गाडी असते, तिच्या कडेने उभे राहा.

आणि मागचं इमर्जन्सी एक्झिट. त्याचं कुलूप त्या दिवशी काढलं, तपासणीवाल्यांची गाडी गेटबाहेर पडली तसं परत लावलं. का, तर मागच्या दाराने माल जातो म्हणे.

आता मस्करी पुरे. मुंढेगाव काही परदेशात नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. 1 जानेवारी 2023 ला तिथल्या कारखान्यात आग लागली, माणसं गेली. तेव्हा हळहळलात ना सगळे? मग तुमच्याकडे सेकंड शिफ्टला वरच्या मजल्यावर पॅकिंगच्या बायका असतात, चावी वॉचमनकडे आणि वॉचमन पुढच्या गेटवर, हे दिसत नाही का? चोरीची भीती वाटते तर कॅमेरा लावा, माणसं कसली कोंडता? आतून ढकललं की उघडतो आणि बाहेरून उघडत नाही असा पॅनिक बार बाजारात मिळतो. तो बसवा, आणि बसेपर्यंत कुलूप काढून ठेवा. इन्स्पेक्शन असो नसो.