मागे उरलेल्या घरांसाठी सहकुटुंब

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर धाराशिव, बीड आणि लातूरकडून जे वाद इथे कॅनडात माझ्यापर्यंत पोहोचत राहिले, त्यांत एक बाजू म्हणत होती की पूरग्रस्तांना सावरणे हे शासनाचे काम आहे आणि लोकांनी किराणा व वर्गणी गोळा करून ती जबाबदारी हलकी करू नये. दुसरीचे उत्तर असे की पंचनाम्याची वाट पाहत बसलो तर चूल पेटणार नाही. मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छायाचित्रे छापल्याने पहिल्या बाजूला आणखी बळ मिळाले.

ऑन्टारिओत राहताना पहिल्या बाजूची भीती मला रास्त वाटते. कॅनडातील पहिली फूड बँक, म्हणजे गरजूंना फुकट धान्य देणारे केंद्र, १९८१ मध्ये एडमंटनला सुरू झाली ती तात्पुरती सोय म्हणून. २०२३-२४ या एका वर्षात एकट्या टोरंटोतील फूड बँकांमध्ये लोकांनी ३४ लाखांहून अधिक खेपा घातल्या. शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर इतके ओझे टाकणे योग्य नाही.

तरीही याच प्रांतात मला दुसरी गोष्ट दिसते. येथे १९९९ पासून माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला ४० तास समाजसेवा करावी लागते. पण जी मुले आईवडिलांबरोबर धान्याच्या पिशव्या भरायला किंवा एकट्या वृद्धांच्या दारातील बर्फ काढायला येतात, ती तास भरल्यावरही येत राहतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, मात्र तिच्या शिबिराला मूल एकटे जाते.

माझ्या बीड जिल्ह्यात अशा सहकुटुंब सेवेची गरज पूर नसतानाही असते. दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातो आणि उन्हाळा लागेपर्यंत वस्तीवर म्हातारी माणसे व काही लेकरे उरतात. रेशन दुकानातील यंत्रावर झिजलेला अंगठा उमटत नाही, निराधार अनुदानासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तालुक्याच्या दवाखान्यात सोबतीला कोणी नसते. योजना कागदावर असते. तिच्यात आणि त्या उंबरठ्यात जे अंतर राहते ते शेजारचे कुटुंबच भरून काढू शकते. शाळकरी मुलाने अर्ज वाचून दाखवावा, वडिलांनी मोटारसायकलवर तहसीलला न्यावे, आजीने दुपारी जाऊन बसावे.

यावर कोणी इर्जिकीची, म्हणजे शेतकऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याची, आठवण देईल, आणि ती परंपरा थोर आहेच. पण ज्यांच्याकडे बैल आणि औत होते, त्यांच्यातच ती प्रामुख्याने फिरत असे. भूमिहीनाला परतफेडीसाठी देण्याजोगे काही नसल्याने तो बहुधा तिच्याबाहेर राही. मी म्हणतो ती मदत भावकीची आणि गावकुसाची सीमा ओलांडून, परतफेडीचा हिशेब न ठेवता व्हायला हवी.

अशा मदतीने शासनाची जबाबदारी हलकी होते, असे मला वाटत नाही. म्हाताऱ्या शेजाऱ्याबरोबर तीनदा हेलपाटा घातलेल्या घराला अर्ज नेमका कोणत्या टेबलावर अडला हे माहीत असते, आणि ग्रामसभेत प्रश्न विचारताना त्या घराला कोणी सहज गप्प बसवू शकत नाही. काळजी मला वेगळीच वाटते. आपल्या घरांत ‘कुटुंबाने करायचे’ ठरलेले काम पाहता पाहता सुनेच्या माथी येते, आणि शेजारच्या आजीसाठी चार भाकरी जास्त थापण्यापुरतीच ही सेवा उरते. म्हणून दसऱ्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, कोणते घर कोणाकडे पाहणार हे गावाने ठरवावे आणि त्या यादीत प्रत्येक घरातील पुरुषांची व मुलग्यांची कामे आधी लिहावीत.