गाण्याचा सातबारा

महाराष्ट्रात एखादा वृद्ध लोककलावंत आजारी असल्याची बातमी छापून आली की पुढचा वाद ठरल्यासारखा होतो. सरकारने मानधन वाढवावे, असे काहीजण म्हणतात. चार पैसे गाठीला का ठेवले नाहीत, असे काहीजण विचारतात. आणि आम्ही परदेशस्थ मदतनिधीचा खाते क्रमांक व्हॉट्सॲपवर पुढे पाठवून मोकळे होतो. त्या कलावंताने जन्मभर जे गायले त्याची मालकी कोणाकडे राहिली, हा प्रश्न मात्र या गदारोळात क्वचितच कोणी विचारतो.

अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीत राहणाऱ्याला हा प्रश्न टाळणे अवघड आहे, कारण कंट्री संगीतातल्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकगीतांतून घडलेल्या संगीतातल्या, नामवंत गायिका-गीतकार डॉली पार्टन या भागातल्या. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९४६ रोजी सेव्हियर परगण्यातल्या डोंगराळ वस्तीत झाला. बारा भावंडांत त्या चौथ्या. वडील आधी दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे, पुढे स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू पिकवणारे, आणि लिहिता-वाचता न येणारे. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांची फी त्यांनी मक्याच्या पिठाच्या पोत्याने भागवली. १९६४ साली शाळा संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने कंट्री संगीताचे केंद्र असलेले नॅशव्हिल गाठले, आणि १९६७ पासून कंट्री गायक पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे ती घराघरांत पोहोचली. इतकी कथा गरिबीतून वर आलेल्या कोणत्याही गायिकेची असू शकते.

वेगळेपण कागदपत्रांत आहे. गाण्याला दोन मालकी हक्क असतात: एक शब्द आणि चाल यांचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. अमेरिकेतील पारंपरिक रेडिओ केंद्रे गाणे वाजवल्याबद्दल गीतकार-संगीतकाराला आणि गीताच्या प्रकाशकाला, म्हणजे शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला, पैसे देतात, गायकाला मात्र काहीही देत नाहीत. हे गणित कंट्री संगीताच्या व्यवसायाला फार पूर्वी कळले होते. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रण निर्माते राल्फ पीर यांनी डोंगरातल्या गायकांची जी ध्वनिमुद्रणे केली, त्यांतून या संगीताचा बाजार उभा राहिला. पण गीतांचे प्रकाशनहक्क पीर यांनी आपल्याकडे ठेवले होते. त्याच मुद्रणांतून पुढे आलेल्या कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर गावोगाव हिंडून गाणी गोळा करीत आणि लोकांच्या तोंडी असलेली कित्येक गाणी स्वतःच्या नावावर नोंदवीत. तेव्हा अमेरिकेत लोककलेला आपोआप न्याय मिळतो, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

पार्टन यांनी मात्र साठच्या दशकातच मामा बिल ओवेन्स यांच्या साथीने स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. वॅगनर यांचा कार्यक्रम सोडताना त्यांनी निरोपादाखल 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे गीत लिहिले, आणि १९७४ साली ते लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. रॉक-अँड-रोलचे सम्राट एल्व्हिस प्रेस्ली यांना ते गायचे होते. पण त्यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी त्यासाठी प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा मागितला. पार्टन यांनी नकार दिला, आणि त्या रात्री आपण रडलो, हे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत सांगितले आहे. एल्व्हिसला नाही म्हणणे ही तिशीच्या आतल्या गायिकेसाठी काय गोष्ट असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टन यांनी तेच गीत चित्रपटासाठी गायले, ते चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि गीताचा सातबारा पार्टन यांच्याच नावावर होता.

आपल्याकडे पठ्ठे बापूरावांनी लावणीच्या शेवटच्या कडव्यात आपली नाममुद्रा गुंफली. त्यामुळे नाव टिकले, पण हक्क मिळाला नाही. १९४५ साली ते हलाखीतच गेले. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्यावर रुग्णालयाचे बिल देणगीदारांना भरावे लागले, आणि २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाईंची थोरवी सादरीकरणात होती, त्यामुळे गीतकार असलेल्या पार्टन यांच्याशी त्यांची सरळ तुलना होत नाही, हे मान्य. परंतु गायकालाही रॉयल्टी मिळावी, ही मागणी आपल्याला परकी नाही: साठच्या दशकात लता मंगेशकरांनी ती लावून धरली आणि त्यापायी मोहम्मद रफींबरोबरचे गाणे काही वर्षे थांबले.

इथले दुसरे चित्रही सांगितले पाहिजे. नॅशव्हिलच्या ब्रॉडवे रस्त्यावरील बारमध्ये दिवसभर वाजवणारे वादक मुख्यतः श्रोत्यांनी बरणीत टाकलेल्या बक्षिसीवर जगतात. तमाशातली दौलतजादा पाहिलेल्या माणसाला ते दृश्य अजिबात नवे वाटणार नाही. आजारपण आले की त्यांच्यासाठीही वर्गणी काढली जाते, आणि ज्या देशात विम्याशिवाय रुग्णालयाची पायरी चढणे धोक्याचे, तिथल्या रहिवाशाने महाराष्ट्राच्या मानधन योजनेला नाक मुरडू नये. पार्टन हा अपवाद आहे. पण तो अपवाद दैवाने घडला नाही, करारनाम्याने घडला, म्हणून तो अभ्यासण्याजोगा आहे.

स्वतःच्या मालकीच्या पैशाचे काय करता येते, हे आमच्या घरी टपालाने येत असे. निरक्षर वडिलांची आठवण मनात धरून पार्टन यांनी १९९५ साली आपल्या परगण्यातल्या मुलांना दरमहा एक पुस्तक मोफत पाठवायला सुरुवात केली. आता टेनेसीत पाच वर्षांखालील कोणत्याही मुलाला त्यासाठी नाव नोंदवता येते, आणि आमच्या मुलीची पहिली पुस्तके तीच. हा दानधर्म इथे भरपूर वाखाणला जातो. त्याच्या मुळाशी अर्धा वाटा न सोडण्याचा हट्ट आहे, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली, आणि कलाकारांनाही व्यावसायिक वापराच्या मोबदल्यात वाटा मान्य झाला. मात्र हा लाभ घ्यायचा तर गाणे कोणाचे, कोणी गायले, याची नोंद लागते, आणि फडावर लिहिलेली लावणी 'पारंपरिक' या एका शब्दाखाली यूट्यूबवर चढली की ती नोंद तिथेच पुसली जाते. मानधनाच्या अर्जासाठी शासन कलावंताकडून इतके दाखले मागतेच. त्याच खिडकीवर त्याच्या रचनांची आणि ध्वनिमुद्रणांची नोंदणी फुकट करून द्यावी, आणि फडमालक व ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्याशी करावयाच्या कराराचा मराठी नमुना त्याच्या हाती ठेवावा, एवढी मागणी या वादात कोणीतरी घालायला हवी.