डबल्स आणि पांढरा शर्ट

त्रिनिदादमधे सकाळचा नाश्ता म्हणजे डबल्स, आणि तो उभ्यानेच खायचा, खुर्ची टेबल चमचा असले लाड नाहीत. पोर्ट ऑफ स्पेनच्या फुटपाथवर एक बाई पेटीतून हळदीच्या दोन लुसलुशीत पुऱ्या काढते, वर पातळ छोले, चिंच, काकडी, आणि "पेपर?" विचारते. हा पेपर म्हणजे स्कॉच बॉनेट मिरचीचा जाळ, तिथे "स्लाइट", म्हणजे अगदी किंचित, म्हणायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. मग कागदाला एक पीळ मारून पुडी हातात.

आमच्या ह्यांनी नेमका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, कारण पुढे इथल्याच वॉटरलू गावच्या समुद्रातल्या देवळात जायचं होतं. पुडी उघडली की खालची पुरी फाटायच्या बेतात, वरची सरकते आणि छोले मनगटावरून कोपराकडे निघतात. शेजारचा टायवाला वरची पुरी फाडून तिनेच छोले उचलत, फोनवर बोलत, दोन डबल्स संपवून गेलासुद्धा, टायवर थेंब नाही! आणि हे पोट आत, मान पुढे, बगळ्यासारखे उभे, तरी व्हायचं ते झालंच.

चीड येते ती हे सगळं आपल्याकडूनच गेलंय म्हणून. 30 मे 1845 ला फतेल रझाक जहाज कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांसाठी मजूर घेऊन इथे लागलं, 1917 पर्यंत लाखाच्या वर माणसं आली, बरीचशी भोजपुरी पट्ट्यातली. त्यांच्या नातवंडांनी छोले-पुरी एका पुडीत बसवली आणि आपण अजून चमचा मागतोय.

देऊळ मात्र बघाच हं. सिवदास साधू नावाच्या मजुराचं आधीचं देऊळ साखर कंपनीच्या जागेत म्हणून पाडलं, वर त्यालाच तुरुंगात टाकलं. जमीन तुमची ना, मग ठेवा तुमच्याकडे, म्हणून हा गडी थेट समुद्रातच भराव घालायला लागला, सायकलवरून सामान वाहत, वर्षानुवर्षं!

तिथे हे छातीवर पिवळा डाग घेऊन हात जोडून उभे. एका आजींनी आधी डाग बघितला, मग विचारलं, "डबल्स डेबे गावचे की क्युरेपचे?" ह्यांनी पोर्ट ऑफ स्पेन सांगितल्यावर आजींनी कपाळाला हात लावला, शेजारच्या काकांना बोलावलं, आणि खरे डबल्स कुठले ह्यावरून दोघांचं जे जुंपलं ते आम्ही प्रदक्षिणा घालून, चपला घालून निघालो तरी चालूच होतं.