आजारी पडल्यास घरी जावे

धाकट्या चुलतबहिणीला क्लाससाठी पुण्यात ठेवायचंय. त्यामुळे सध्या सुट्टी मिळाली की सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोडच्या मागच्या गल्ल्या धुंडाळत कॉट बेसिसच्या (खोली नाही, नुसती एक कॉट भाड्याने) जागा बघतेय. भाडं सोडलं तर फारसं काही बदललेलं नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट, गरम पाणी सकाळी आठपर्यंत, गेट साडेनऊला बंद, खोलीत इंडक्शन आणि किटलीला बंदी, आई राहायला आली तर रात्रीचे वेगळे पैसे. नवीन म्हणावं असं एकच कलम आहे. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मी पाहिलेल्या बहुतेक नियमावल्यांत ते तळाशी सापडलं: ‘संसर्गजन्य आजार झाल्यास विद्यार्थिनीने त्वरित स्वतःच्या घरी जावे. भाडे परत मिळणार नाही.’

आमच्या वेळी, म्हणजे २०१८-१९ ला, हे कलम नव्हतं. कोविडमधून होस्टेल चालवणाऱ्यांनी घेतलेला धडा तो हाच दिसतोय. मी तो सगळा काळ पेठेतल्या एका मुलींच्या होस्टेलमध्ये काढलाय, आणि माझ्या मते हा धडा साफ उलटा आहे.

आधी साधा आरोग्याचा मुद्दा. ताप असलेल्या, खोकणाऱ्या मुलीला एसटीत बसवून आठ-दहा तासांच्या प्रवासाला परभणीला किंवा चोपड्याला पाठवायचं, आणि ती पोचणार कुठे, तर दोन खोल्यांच्या घरात, जिथे दम्याची आजी आहे. साथ पसरवायला यापेक्षा सोयीचा मार्ग नाही. पण माझा राग वेगळ्या कारणासाठी आहे. मुलाला ‘घरी जा’ म्हटलं तर तो घरी जातो आणि परत येतो. मुलीचं तसं नसतं. मे २०२० मध्ये पुण्यात अडकलेल्या विद्यार्थ्यांसाठी एसटी सोडल्या, तेव्हा आमच्याकडच्या बऱ्याचजणी गेल्या. त्यातल्या काहींच्या कॉटवर नंतर त्या आल्याच नाहीत, त्यांचे वडील येऊन ट्रंका घेऊन गेले. पन्नास माणसांत लग्न उरकण्याची सरकारी परवानगी होती, म्हणजे मंडपाचा, जेवणावळीचा खर्च वाचला. इतकं स्वस्तात लग्न पुन्हा कधी होणार? त्यातली एक आमच्यात सगळ्यात हुशार होती. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती, आणि ही त्यात पास झाली असती याची आम्हा सगळ्यांना खात्री होती. ती परीक्षा ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली, तेव्हा हिचं बाळंतपण जवळ आलं होतं. गावात जाऊन लग्न करणं वाईट असं मी म्हणत नाही. तिला तेव्हा करायचं नव्हतं, एवढं मला माहीत आहे, कारण बसमध्ये चढण्याच्या आदल्या रात्री ती तेच बोलत होती.

मागे राहिलो त्या आम्ही बाराजणी. का राहिलो याची कारणं प्रत्येकीची वेगळी. कुणाला घरी नेटवर्क नव्हतं, कुणाचं घरच धड नव्हतं, एक नर्स होती आणि तिला ड्युटी होती. माझं कारण सांगायचं तर हट्ट.

होस्टेलमधल्या लॉकडाऊनच्या आठवणी लोक फार गोड करून सांगतात. पत्ते, गच्चीवरच्या गप्पा, डालगोना कॉफी. कॉफी आम्हीही घोटली, नाही म्हणत नाही. पण बारा वेगवेगळ्या घरांतल्या मुली एका चुलीवर आल्या की खरं काय होतं ते सांगते.

मेस बंद झाली आणि पहिले काही दिवस बिस्किटं, चिवडा आणि कुठल्या कुठल्या मंडळांनी वाटलेली खिचडीची पाकिटं यावर गेले. मग मालकीणकाकूंनी तळमजल्यावरचं त्यांचं जुनं स्वयंपाकघर उघडून दिलं. ज्या काकू खोलीत किटली सापडली तर दंड करायच्या, त्यांनीच सिलिंडर लावून दिला. खर्चाची वही घातली. आणि पहिल्याच आठवड्यात भांडणं लागली. लातूरवालीला भाकरीशिवाय जेवण म्हणजे नाश्ता वाटायचा. चिपळूणचीला भात नसला की तिचं तोंड उतरायचं. खानदेशवाली भाजीत मिरची घालायची ती आमच्या डोळ्यांतून बाहेर यायची. एकीचा गुरुवार, एकीची चतुर्थी, एकीचा शनिवार, आणि साबुदाणा कुणाच्या हिशोबात धरायचा यावर वहीची दोन पानं भरली. अंड्यावरून तर काकूंपर्यंत प्रकरण गेलं. त्या म्हणाल्या, “गच्चीत करा, माझ्या तव्यावर नको.” मग विटांवर जुनी कढई ठेवून गच्चीत ऑम्लेट व्हायचं आणि गंमत म्हणजे उपासवाल्यासुद्धा वासाला वर यायच्या.

इथपर्यंत गमतीचं आहे. पुढचं नाही.

आमच्यातल्या एकीला स्वयंपाकाच्या पाळीत कोणी घेतच नव्हतं. “तू भाजी चीर, तू केर काढ, पोळ्या आम्ही करतो.” तोंडाने सगळ्या गोड. कोरोनाच्या नावाखाली प्रत्येकीने ताट-वाटी वेगळी ठेवायची असं ठरलं, त्यात चूक काहीच नव्हती. पण बाकी सगळ्यांची ताटं धुऊन एका मांडणीत लागायची आणि हिचं ताट खिडकीत. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. आपोआप झालं, आणि आपोआप कसं होतं हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला मी समजावून सांगायला नको. एक दिवस तिने ते ताट उचलून सगळ्यांसमोर मांडणीत मधोमध ठेवलं आणि विचारलं, “कोरोना काय माझ्याच हाताला लागतो का गं?”

त्या रात्री जेवण झालं नाही, भांडण झालं. शेवटी नर्स ड्युटीवरून आली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली चिठ्ठ्या टाका. चिठ्ठीत ज्या दोघींची नावं निघतील त्या त्या दिवशी सगळा स्वयंपाक करतील, आणि ज्यांना चालणार नाही त्यांनी उपाशी राहावं. तसंच झालं. सगळ्यांची मनं बदलली असं मात्र झालं नाही. खिडकीत ताट असायचं तिची स्वयंपाकाची पाळी आली की एक मुलगी ‘पोट बरं नाही’ म्हणून शेवटपर्यंत चिवडा खात राहिली. पण नियम झाला आणि टिकला. माझ्या डोळ्यांदेखत जातीवर काही उपाय लागू पडल्याचं मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय, त्यातला तो एक. मन बदलायची वाट न बघता पाळी लावली, म्हणून लागू पडला.

नर्सची गोष्ट वेगळी. गल्लीतल्यांनी २२ मार्चला पाच वाजता थाळ्या वाजवल्या आणि पंधरवड्यात काकूंकडे येऊन म्हणाले, हॉस्पिटलची मुलगी इथे नको. असं पुण्यात आणि पुण्याबाहेर किती ठिकाणी झालं ते सगळ्यांना माहीत आहे. काकू डगमगल्या होत्या, खोटं कशाला सांगू. पण २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश आला होता की मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना जागा सोडायला लावणाऱ्या घरमालकावर कारवाई होईल. बाराजणींत दहाजणी स्पर्धा परीक्षावाल्या. आम्ही त्याची पीडीएफ काढून, खाली रेघा मारून काकूंना वाचून दाखवली. ती नर्स विद्यार्थी नव्हती, हा बारीक मुद्दा आम्ही वाचनात जरा पटकन उरकला. तिला गच्चीवरची दोन कॉटची खोली मिळाली आणि गल्लीवाले गप्प बसले.

त्याच २९ तारखेला आणखी एक गोष्ट झाली होती. टाळेबंदीच्या पहिल्या आदेशांत अत्यावश्यक वस्तूंमध्ये सॅनिटरी पॅडचा उल्लेखच नव्हता. साबण, हँडवॉश, डायपर, पॅड ही सगळी मंडळी त्या दिवशीच्या खुलाशात आली. बारा मुलींच्या घरात तोवरचे चार-पाच दिवस काय असतात? आम्ही सगळ्यांची पाकिटं एका डब्यात जमा केली आणि तो डबा जिन्यात ठेवला, हिशोब वहीत. एरवी काळ्या पिशवीत दडवून आणायची वस्तू जिन्यात उघडी, काकूंचे मिस्टर येता-जाता मान खाली घालायचे. पुढे त्यांनीच मेडिकलमधून दोन पुडे आणून निमूटपणे त्या डब्यात टाकले. यादी करणाऱ्यांच्या टेबलापाशी असा एखादा जिना असायला हवा होता.

दुसऱ्या लाटेचं मात्र आम्हाला श्रेय घेऊ द्या. जानेवारी २०२१ ला मुली परतायला लागल्या, काकूंना गच्चीवरची खोली भरायची होती. तोवर नर्स खाली राहायला आली होती. तीच म्हणाली, ती खोली रिकामी ठेवा, हे संपलेलं नाही. दोन कॉटचं भाडं सहा हजार, आम्ही बाराजणी, माणशी पाचशे. कुरकुर झाली, दोघींना परवडत नव्हतं तर त्यांचे इतरांनी भरले, पण खोली रिकामी राहिली. मार्चमध्ये पूर्व परीक्षा पुन्हा पुढे ढकलली तेव्हा आमच्यातल्या निम्म्या निषेधाला शास्त्री रोडवर उतरलेल्या होत्या, आणि एप्रिलमध्ये पुण्यात बेड मिळेना झाला तेव्हा आमच्याकडे तिघी पॉझिटिव्ह निघाल्या. दोघी गच्चीवरच्या खोलीत राहिल्या, संडास-बाथरूमच्या वेळा वाटून घेतल्या, जेवण पायरीवर ठेवायचं. संध्याकाळी ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं गच्चीवर चालायचं आणि आकडा ओरडून सांगायचा. तिसरीचा आकडा घसरायला लागला तशी नर्सने धावपळ करून तिला वेळेत दाखल केलं. तिघी ठणठणीत आहेत, एक तर आता तहसील कार्यालयात आहे.

याच शहराने साथीत मुलींची वसतिगृहं कशी सांभाळली होती, ते जाऊन बघावं. १८९७ च्या प्लेगात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दुष्काळातून वाचवलेल्या मुलींची भर पडत होती. पुण्यात त्यांना ठेवता येईना तेव्हा बाईंनी केडगावच्या शेतावर बिऱ्हाड हलवलं, मुलींना घेऊन. सरकारी प्लेग हॉस्पिटलात बायकांना कसं वागवतात यावर त्या वर्तमानपत्रात लिहीतही होत्या. अण्णासाहेब कर्व्यांचा विधवांसाठीचा आश्रम १९०० मध्ये, प्लेगच्याच वर्षांत, हिंगण्याच्या माळावर झोपडीत गेला, तोही बायकांना घेऊन. अण्णासाहेब स्वतः तिथून चालत फर्ग्युसनला शिकवायला यायचे. आणि सावित्रीबाई तर प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ ला गेल्या. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ते ९ मार्च २०२० ला, त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. या लोकांपैकी कुणीही ‘आपापल्या घरी जा’ म्हणालं नाही. त्या मुलींना परत जायला घर नव्हतं, हे खरंच. पण आजच्या मुलींना आहे हे मालकांनी परस्पर कसं ठरवलं?

मालकांची बाजू मला कळते. एक मुलगी आजारी पडली की बाकीच्यांचे पालक फोन करून जीव खातात, मेसवाला डबा द्यायला तयार नसतो, आणि काही बरंवाईट झालं तर पोलीस त्यांच्याच दारात येतात. भीती खोटी नाही. पण पालकांना मी विचारते, गेट किती वाजता बंद होतं हे तुम्ही सगळ्यात आधी विचारता, रात्री दोनला मुलीला ताप चढला तर तिला कोण दवाखान्यात नेणार, हे का विचारत नाही? साडेनऊला कुलूप लावणारं होस्टेल ‘सुरक्षित’, आणि आजारी मुलीला रस्त्यावर काढणारंही तेच होस्टेल. दोन्ही एकाच कागदावर छापलेलं असतं.

मला ते कलम काढून त्याजागी काय हवंय तेही सांगते. मजल्यावर एक खोली नाही तर निदान एक कॉट आजारी मुलीसाठी राखीव. स्वयंपाकघर मुलींना खुलं, चिठ्ठ्या टाकून पाळ्या. आणि कोण राहील, कोण जाईल, आजारपणात काय करायचं, हे ठरवताना मालकांसोबत तिथे राहणाऱ्या दोन मुली. एका मालकांना मी हे बोलून दाखवलं तर ते हसून म्हणाले, “मॅडम, रिकाम्या कॉटचं भाडं कोण देणार?” मुली देतील, काका. महिन्याला माणशी पाचशे, एकदा विचारून तर बघा.